बांधी विकू नका, आधी बहिणीचं रक्त तपासा

वाचकाचं पत्र

मॅडम, मी गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातून लिहिते आहे. माझा भाऊ चौदा वर्षांचा आहे, त्याला सिकलसेल आहे, एसएस. मी एएस आहे. दर रोवणीला त्याचं दुखणं उठतं, हाडं ठणकतात, सलाईन लावावं लागतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू केली होती, पण ती कॅन्सरची गोळी आहे असं कोणीतरी सांगितल्यावर आईने बंद केली. आता बाबांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत बोटभर चिपवर माणसाची रक्तवाहिनी, लिव्हर, फुप्फुस बनवलं आहे आणि सिकलसेल कायमचा बरा होतो, असं त्यात होतं. त्यानंतर एक ओळखीचा माणूस घरी आला. म्हणाला, शहरात एका ठिकाणी रक्त चिपवर तपासून स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, तीन लाख लागतील, पन्नास हजार आधी. बाबा रस्त्यालगतची धानाची बांधी विकायला निघाले आहेत. मी बोन मॅरो द्यायला तयार आहे, पण तो माणूस म्हणतो, तुझंच रक्त खराब, तुझं चालणार नाही. भाऊ मला विचारतो, माझं रक्त त्या चिपमध्ये सोडलं तर काय दिसेल? आम्ही काय करावं?
एक बहीण

प्रिय मुली,

बांधीचा इसार घेतला नसेल तर बाबांना आजच थांबव. तुझं एकटीचं ऐकणार नसतील तर आशाताईंना आणि ज्याचा शब्द बाबा मानतात अशा एखाद्या माणसाला घरी बोलाव. हे पत्र त्यांच्यासमोर वाच.

आता त्या माणसाने तुझ्याबद्दल जे सांगितलं ते. तुझं रक्त खराब नाही. एएस म्हणजे तुझ्याकडे या जनुकाची एक प्रत सिकलची आहे आणि एक चांगली, म्हणजे तू नुसती वाहक. भाऊ एसएस, त्याच्या दोन्ही प्रती सिकलच्या. वाहक भावंडाचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, सिकलसेलच्या मुलाला चालतो, जगभरात असे प्रत्यारोपण झाले आहेत. ते यशस्वी झालं की त्या मुलाच्या अंगात दात्यासारखं रक्त बनतं, म्हणजे तुझा भाऊ रक्तापुरता तुझ्यासारखा होईल. तू दर रोवणीला दवाखान्यात जातेस का? नाही ना? मग झालं. पाहायचं असतं ते एचएलए जुळतं का, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा दोघांच्या सारख्या आहेत का. सख्ख्या भावंडांत ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. रक्तगट एकच असला पाहिजे अशीही अट नाही. तेव्हा तुझी, आणि आणखी भावंडं असतील तर त्यांचीही, एचएलए चाचणी हे तुमच्या घरातलं पहिलं काम. ती थोड्या रक्तावर किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते.

तो माणूस हे सांगणार नाही, कारण तुझा बोन मॅरो त्याला विकता येत नाही.

व्हिडिओकडे वळू. तो बराचसा खरा आहे, आणि मला त्रास त्याचाच होतो. खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटी गोष्ट गावात शिरते. म्हणून खरं काय ते नीट सांगते. भावाच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. प्रश्न मोठा हुशार आहे त्याचा, सांग त्याला.

रक्तातली लाल पेशी साधारण 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते आणि शरीरातल्या सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्या त्याहून अरुंद असतात. निरोगी पेशी लवचीक असते, मुडपून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हा दुसराच घटक बसलेला असतो. एवढाच फरक. पण पेशीने ऑक्सिजन सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब धागे बनतात, पेशी ताठर होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. तिच्यामागे बाकीच्या अडकतात. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, आणि हाड ठणकू लागतं. निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते, म्हणून मुलाचे डोळे पिवळे दिसतात आणि अंगात रक्त कमी राहतं.

ही कोंडी जिवंत माणसाच्या आत डोळ्यांनी पाहणं अवघड. 2007 साली जॉन हिगिन्स, एल. महादेवन, संगीता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शरीराबाहेर घडवून दाखवली. सिलिकॉन रबराच्या छोट्या तुकड्यात त्यांनी बारीक बारीक वाहिन्या कोरल्या, त्यांतून सिकलसेलच्या रुग्णांचं रक्त सोडलं आणि ऑक्सिजन कमीजास्त करत राहिले. ऑक्सिजन घटला की प्रवाह मंद होत थांबायचा, वाढवला की पुन्हा सुरू व्हायचा. वाहिनी किती रुंद, मागून दाब किती, यावर कोंडी किती वेळात होणार ते ठरायचं. तर भावाला सांग, तुझं रक्त तिथे सोडलं तर हेच दिसेल: थांबेल आणि पुन्हा वाहील. किती वेळात थांबेल ते प्रत्येकाचं वेगळं. नवीन औषध दिल्यावर थांबायला जास्त वेळ लागतो का, हे आता अशा चिपवर तपासता येतं.

या संगीता भाटिया अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आहेत, आईवडील भारतातून गेलेले. त्यांचं लिव्हरवरचं काम मला जास्त आवडतं. माणसाच्या लिव्हरच्या पेशी नुसत्या बशीत ठेवल्या तर काही दिवसांत आपलं काम विसरतात. भाटियांनी कॉम्प्युटरच्या चिपा बनवण्याची पद्धत वापरून त्या पेशींची छोटी छोटी बेटं केली, भोवती आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी ठेवल्या, आणि ते इवलं लिव्हर कित्येक आठवडे कामात राहिलं. औषध माणसाच्या लिव्हरला झेपेल का हे त्यावर आधी पाहता येतं. पुढे त्यांनी त्यात मलेरियाचे जंतू वाढवले, त्यांत व्हायव्हॅक्सही, जो लिव्हरमध्ये महिनोन् महिने दबा धरून बसतो आणि ताप पुन्हा आणतो. तुमच्याकडे आणि शेजारच्या गडचिरोलीत मलेरिया काय चीज आहे ते मी तुला सांगायला नको. अशाच कामांसाठी 2014 साली त्यांना पाच लाख डॉलरचं लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं. फुप्फुसाची चिप 2010 ची, डॅन हू आणि डोनाल्ड इंगबर यांची. मध्ये पातळ पडदा, एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी, आणि श्वास घेतल्यासारखा तो पडदा ताणला जातो.

मलेरियाचं निघालंच आहे तर आईला हेही सांग. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलची एक प्रत असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात, जिथे मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता, तिथे हे जनुक टिकलं ते यामुळे. कोणाच्या पापाने नाही, कोणाच्या जातीने नाही. तुझ्या आजीपणजीपैकी कोणीतरी या एका प्रतीमुळेच वाचली असण्याची शक्यता आहे.

आता मुद्द्याचं. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात वाण पारखतात, पण त्या वाफ्यातल्या धानाने तुमची कोठी भरत नाही. चिप ही तशी पारखण्याची जागा आहे. औषध चालतं का, विषारी आहे का, कोणत्या रुग्णाला लागू पडेल, हे तिथे बघतात. 2022 च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलून औषधाच्या परवानगीसाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी अशा पद्धतींचे पुरावे चालतील असं ठरवलं, आपल्याकडेही 2023 मध्ये नियमांत तशी सोय झाली. मोठी गोष्ट आहे. पण चिपवर रक्त तपासून कोणाचा सिकलसेल बरा होत नाही, आणि चिप पाहून तुझ्या भावासाठी खास इंजेक्शन तयार होतं ही तर निव्वळ थाप.

‘कायमचा बरा’ हा जो भाग व्हिडिओत होता तो वेगळ्या उपचाराचा, जनुक-संपादनाचा. तोही खरा आहे. आपण आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन निराळं असतं, ते चिकटत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचं बटण बंद करतं. म्हणूनच सिकलसेलची बाळं पहिले सहाएक महिने बरी असतात. नव्या उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी (स्टेम सेल) काढतात, क्रिस्पर नावाच्या तंत्राने ते बंद झालेलं बटण पुन्हा सुरू करतात, मग कडक केमोथेरपीने जुना बोन मॅरो रिकामा करून त्या दुरुस्त पेशी परत सोडतात. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या बाईंना 2019 मध्ये त्या दिल्या. डिसेंबर 2023 मध्ये तिथे ‘कॅसजेव्ही’ या नावाने 12 वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी मंजुरी मिळाली. मंजुरीच्या वेळी ज्या 31 रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यांपैकी 29 जणांना सलग वर्षभर एकही मोठी कळ आली नाही. किंमत 22 लाख डॉलर, त्या वेळच्या दराने 18 कोटी रुपयांवर. तुमची बांधी काय, अख्खा गाव विकून भागणार नाही. आणि त्या माणसाला ते तीन लाखांत जमतंय!

आपल्या देशातही हे काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचं क्रिस्पर तंत्र तयार केलं, नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ या नावाने ते जाहीर झालं आणि पुढच्या कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करार झाला. बिरसा मुंडांचं नाव दिलंय, ते उगीच नाही. पण हे लिहिताना ते कुठल्या दवाखान्यात जाऊन घेता येईल असं औषध नाही. माणसांवरच्या चाचण्यांतून ते पार पडावं लागेल. तुझा भाऊ चौदाचा आहे. त्याच्या वयाच्या मुलांनी या उपचाराची आशा धरावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तोवर त्याची हाडं, मेंदू, फुप्फुसं धड राहिली पाहिजेत. तुमचा पैसा आणि धावपळ त्यासाठी लागू दे.

तो माणूस पुन्हा आला तर त्याला उंबऱ्यावरच दोन प्रश्न विचारायचे. एक: हा मान्य उपचार आहे की चाचणी? रक्ताच्या आजारात बोन मॅरो प्रत्यारोपण मान्य आहे, त्यासाठी दाता लागतो, एचएलए लागतं, रुग्णाला आठवडेच्या आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यापलीकडचा स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. दुसरा: चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? ही आयसीएमआरची अशा चाचण्यांची नोंदवही आहे, तुझ्या मोबाईलवर उघडते, क्रमांक टाकून बघ. आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ज्याने पन्नास हजार आधी मागितले, त्याने आपलं उत्तर स्वतःच दिलंय.

आता आई. आईवर रागावू नकोस, ‘कॅन्सरची गोळी’ हे शब्द ऐकून कोणतीही आई घाबरेल. गोळी कॅन्सरमध्येही वापरतात, हे खरं. पण सिकलसेलमध्ये ती वेगळ्या कामासाठी, कमी मात्रेत देतात. ती तेच करते जे 18 कोटींचा उपचार करू पाहतो: आईच्या पोटात असतानाचं ते हिमोग्लोबिन वाढवते. कमी प्रमाणात, रोज घ्यावी लागते, पण वाढवते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच कळा आल्या, खोटी गोळी दिलेल्यांना साडेचार. चिपा आणि क्रिस्परच्या गर्दीत ही साधी कॅप्सूल कोणाच्या व्हिडिओत येत नाही, कारण तिच्यात चमत्कार नाही आणि कमिशनही नाही. मला विचारशील तर विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांचं सगळ्यांत मोठं नुकसान क्रिस्पर न मिळाल्याने होत नाही, ही गोळी मध्येच सुटल्याने होतं. मात्र ती आपल्या मनाने परत सुरू करू नका. डॉक्टर वजनावरून मात्रा ठरवतील, सुरुवातीला दर थोड्या आठवड्यांनी रक्त तपासतील, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या तर काही दिवस थांबवतील. परिणाम दिसायला काही महिने लागतात. दोन आठवड्यांत कळ आली म्हणून फेकून द्यायची नाही.

आणखी एक यंत्र आहे, ते फक्त अमेरिकेत नाही, आपल्या मोठ्या दवाखान्यांतही असतं. ट्रान्सक्रेनिअल डॉपलर. कानशिलावर ठेवून ध्वनिलहरींनी मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, दुखत नाही. वेग जास्त निघाला तर त्या मुलाला लकव्याचा धोका असतो, आणि वेळेवर रक्त देत राहिल्याने तो धोका खूप घटतो, हे 1998 मध्येच सिद्ध झालंय. एसएस मुलांची ही तपासणी 2 ते 16 वर्षांच्या दरम्यान दर वर्षी व्हायला हवी. भावाची झाली आहे का? पत्रात काही नाही, म्हणून मी ‘नाही’ असंच धरते. गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा, तिथे नसेल तर नागपूरची चिठ्ठी मागा.

रोवणी. अगं, दर रोवणीला दुखणं उठतं असं तूच लिहिलंयस, आणि तरी पोरगा दर रोवणीला चिखलात उभा असतो ना? थंड पाणी, पावसात भिजणं, वाकून दिवसभर मेहनत आणि कामाच्या नादात पाणी न पिणं, हे चारही एकत्र म्हणजे कळेला आवतण. मजूर मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी परे उपटायला, चिखलात त्याला पाठवू नका. घरी बसवून ठेवा असं मी म्हणत नाही. जेवणाचे डबे पोचवू दे, हिशेब ठेवू दे. पाणी भरपूर हवं, कारण या आजारात मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. त्यामुळे त्याला लघवीलाही जास्त जावं लागेल. शाळेत गुरुजींना हे सांगून ठेवा, वर्गातून उठू देत नाहीत म्हणून ही मुलं पाणीच पीत नाहीत.

ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगलं, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि एक गोष्ट बाबांनी त्याच्याशी एकांतात बोलायची आहे. या वयाच्या सिकलसेलच्या मुलांना कधीकधी लिंग ताठ होऊन दुखत राहतं, तासन् तास. मुलं लाजेने मरतील पण सांगणार नाहीत. चार तासांहून जास्त राहिलं तर कायमचं नुकसान होतं, लगेच दवाखाना. तू बहीण आहेस, तुला हे बोलता येणार नाही. बाबांना येईल, आणि त्यांना यावंच लागेल.

बोन मॅरोकडे परत येते. तुझं एचएलए पूर्ण जुळलं, तर लहान वयात, सख्ख्या भावंडाकडून केलेल्या प्रत्यारोपणात दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. उरलेल्यांचं काय, हेही डॉक्टरांकडून नीट ऐकून घ्या. केमोथेरपीचा त्रास असतो, जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. तुला मात्र धोका फार थोडा. कंबरेच्या हाडातून भूल देऊन काढतात, काही दिवस दुखतं, तो बोन मॅरो पुन्हा भरून येतो. खर्च लाखांत जातो. वेल्लूरचं सीएमसी रुग्णालय आहे, मुंबई महापालिकेचं बोरिवलीचं मुलांसाठीचं केंद्र आहे, मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. आधी एचएलएचा कागद हातात येऊ दे. तो नसताना बांधीचा विषयही काढायचा नाही.

जुळलं नाही तर? तर तू काही गुन्हा केलेला नाहीस. चारांत तीन वेळा जुळत नाही.

जे हक्काचं आहे ते आधी घ्या. 2016 च्या कायद्यात सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. दहावीच्या पेपरला त्याला जादा वेळ मिळू शकतो, शाळेने बोर्डाकडे वेळेत कळवायला हवं. एसटीच्या सवलतीचं आगारात विचारा. जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम चालू आहे, तिच्यातून तपासणी आणि कार्ड मिळतं. ते कार्ड कपाटात नको, त्याच्या दप्तरात हवं.

तुझ्यासाठी एकच ओळ, तू विचारली नाहीस तरी. स्थळ पाहायला येतील तेव्हा मुलाची एचपीएलसी चाचणी, म्हणजे रक्तात सिकल आहे का ते सांगणारी, झाल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. तोही एएस निघाला तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. तो निरोगी निघाला तर निर्धास्त लग्न कर. कुंडलीतला मंगळ बघणाऱ्यांना हा कागद मागायला लाज वाटायचं काही कारण नाही.

सोमवारी आईला सोबत घे, भावाचे जुने सगळे कागद पिशवीत टाक आणि गोंदियाला जा. तिथे तीन गोष्टी मागायच्या: हायड्रॉक्सीयुरिया पुन्हा सुरू करण्याबद्दल सल्ला, डॉपलरची तपासणी आणि तुझ्या एचएलएसाठी चिठ्ठी. ‘बाहेर करा’ म्हणाले तर तेही चिठ्ठीवर लिहून घे.

तुझी,
सल्लागार ताई